जुन्या गाडीचं मिसिंग, पेटणारा दिवा आणि घाटात बंद पडणं : सुरुवात कुठून करायची?

घाटवळण

मंडळी, गाडी २००७ ची. पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), चार सिलिंडर, हजार-अकराशे सीसीच्या घरातली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद "ती घेतलीच कशाला" यावर येतील. वडिलांची गाडी आहे. २०२२ साली पुन्हा नोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पत्रा अजून शाबूत आहे. त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

तक्रारी दोन आहेत आणि त्या एकच आहेत की वेगवेगळ्या, इथेच माझं घोडं अडलंय.

पहिली: पावसाळी हवेत किंवा सकाळी चालू केल्या केल्या गाडी मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. सिग्नलला स्टिअरिंग थरथरतं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गचके खाते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी आपला आपण विझतो.

दुसरी: उन्हाळ्यात लांब चढावर इंजिन चांगलं तापलं की एकदम बंद. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत असताना मागे ट्रकांची रांग लावून हा प्रकार झालाय. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. बाजूला उभं राहून इंजिन थंड झालं की एका सेल्फमध्ये चालू.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पी०१३१ आला, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर नवा टाकला. दिवा थोडे दिवस गप्प बसला, मग पुन्हा हजर. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल, "टाकून बघू". ईसीयूचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

कुठून सुरुवात करू? मल्टिमीटर आहे, मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर आहे, रविवार मोकळे आहेत.

---

उगाचच

गाडीला घाट आवडत नसेल. आमच्या सासूबाईंनाही आवडत नाही. (हलके घ्या.)

---

कोपऱ्यावरचा

प्लग आणि (प्लगला करंट देणारी) कॉइल बदला, सुटाल. एवढ्या जुन्या गाडीत तपासत बसण्यात अर्थ नाही.

---

फिरता पाना

घाटवळण, ईसीयूला हात लावू देऊ नका. सगळ्यात कमी बिघडणारी आणि सगळ्यात आधी नाव घेतली जाणारी वस्तू आहे ती.

आधी पी०१३१ म्हणजे काय ते बघू. "ऑक्सिजन सेन्सर खराब" असा त्याचा अर्थ नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी दिसतंय, एवढंच ईसीयू सांगतोय. जुन्या पद्धतीचा झिरकोनियाचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत असतो. वर म्हणजे मिश्रण घट्ट, खाली म्हणजे पातळ. आता एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाहीये असं समजा. त्या सिलिंडरमधला प्राणवायू न जळता तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सरला तो दिसतो आणि बिचारा प्रामाणिकपणे ०.१ दाखवत राहतो. ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ झालं, म्हणून तो आणखी पेट्रोल सोडतो. तरीही प्राणवायू येतोच. शेवटी दिवा लागतो आणि कोड सेन्सरच्या नावावर. म्हणजे वर्गात दंगा तिसऱ्या बाकावर, आणि सरांना सांगणाऱ्यालाच छड्या.

तेव्हा मिसिंग आधी शोधा, दिव्याचं नंतर बघू. आणि घाटातलं बंद पडणं हा माझ्या मते पूर्ण वेगळा आजार आहे. एकत्र घोळ घालू नका.

---

घाटवळण

फिरता पाना, हे कोणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं. मिसिंग कुठल्या सिलिंडरचं आहे ते कसं ओळखायचं? माझा स्कॅनर गाडीशी बोलतच नाही. नुसता "कनेक्टिंग" म्हणत फिरत राहतो.

---

मीटरवाली

न बोलणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने आपले बिघाड स्वतः कोडात सांगायची सोय) सक्ती बीएस ४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून आली आणि ओबीडी-२ ची २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीने आपापल्या मर्जीने सॉकेट दिलं. कुठे नेहमीचा सोळा पिनांचा, कुठे वेगळाच. सोळा पिनांचा असला तरी आतली भाषा जुनी के-लाइनची असते आणि स्वस्त नकली स्कॅनरमध्ये ती धड नसते. अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो' वरून काढून केडब्ल्यूपी (के-लाइनवरचीच भाषा) हाताने निवडून बघा, कधी कधी लागतो.

माझ्या आधीच्या गाडीत तर स्कॅनर लागायचाच नाही. सॉकेटमधल्या दोन ठरावीक पिना वायरच्या तुकड्याने जोडून किल्ली ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगायचा. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२. म्हणजे "तक्रार नाही". मात्र कुठल्या पिना, हे मॅन्युअल बघूनच. भलत्या जोडल्या तर ईसीयूचा आकडा खरंच द्यावा लागेल.

सिलिंडर ओळखायला स्कॅनर लागत नाही. इंजिन आयडलला (रेस न देता नुसतं चालू) ठेवा आणि इंजेक्टरचे कप्लर (वायरीचे जोड) एकेक करून काढा. काढल्यावर इंजिन आणखी लटपटलं तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरकच पडला नाही तर तो आधीच झोपलेला आहे. पूर्वी लोक प्लगची केबल ओढून हे करायचे, ते करू नका. एक तर झटका लागतो, दुसरं म्हणजे ठिणगीला जायला जागा न मिळाल्याने कॉइल आतून फुटते आणि तिसरं, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन पेटतं.

---

अण्णा पद्मिनीवाले

तुमचं वय काय आणि तुमच्या गाडीचं वय काय! आमच्या कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीला ना सेन्सर ना ईसीयू. मिसिंग झालं की डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, गॅप व्हिजिटिंग कार्डाने धरायचा आणि निघायचं. मायकोचे प्लग वायरब्रशने घासून पुन्हा तेच.

घाटात बंद पडते म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोलची पाइपात वाफ होते. आम्ही पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचो, पाच मिनिटांत चालू. घाटवळणराव, डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा.

---

कोपऱ्यावरचा

अण्णा, एमपीएफआयमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि लाइनमध्ये अडीच-तीन बारचा दाब असतो. दाबाखाली पेट्रोलची वाफ सहज होत नाही. व्हेपर लॉक कार्ब्युरेटरबरोबर गेला.

---

मु. पो. कुडाळ

कोणी उंदरांचा मुद्दा काढलेला दिसत नाही. कोकणात पावसाळ्यात पहिली शंका तीच. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या गाडीत इंजेक्टरची एक वायर इन्सुलेशनसकट खाल्ली होती, तांबं चकाकत होतं. कोरडं असलं की चालायची, धुकं पडलं की मिसिंग. दोन गॅरेजांत सेन्सरवर चर्चा झाल्या आणि शेवटी गाडी धुणाऱ्या पोराला वायर दिसली.

डांबरगोळ्यांनी काही होत नाही, आमचे उंदीर त्यांच्याशेजारी झोपतात. तंबाखूची पानं ठेवतात लोक. त्याने उंदीर जातात की नाही माहीत नाही, पण मिस्त्री खूश होतो.

---

उगाचच

कुडाळकर, उंदरांना तंबाखूचं व्यसन लागलं तर मग गाडीत फक्त त्यासाठीच येतील.

---

टॅपेटकव्हर

मी गॅरेज चालवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. "टाकून बघू" म्हणणाऱ्यांवर इथे सगळे तुटून पडतील याची खात्री आहे.

एखादी अधूनमधून येणारी तक्रार नीट शोधायला कधी कधी पूर्ण दिवस जातो. गाडी तापवा, फिरवा, थंड करा, पुन्हा तापवा. शेवटी निघतं काय? गंजलेला कप्लर. तो साफ करून मी बिल काय लावू? गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं साफच केलंत ना?" तेच मी नवा सेन्सर टाकला की कुरकुर न करता पैसे देतं, कारण हातात जुना पार्ट मिळतो. पार्टाचे पैसे मिळतात, डोक्याचे मिळत नाहीत. मग पोरगं कोड बघतं, कोडात ज्याचं नाव आहे ते बदलतं, गाडी सोडतं. मी आता पाटीच लावली आहे की तपासणीचे पैसे वेगळे, बिघाड सापडो न सापडो. गिऱ्हाइकं कमी झाली. जी उरली ती भांडत नाहीत.

आता कामाचं. अशा वयाच्या चार सिलिंडरवाल्या बऱ्याच गाड्यांत दोन कॉइल असतात, एक १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. एका कॉइलमधून दोन्ही प्लगांना एकाच वेळी करंट जातो. एका सिलिंडरमध्ये तो कामाला येतो, दुसऱ्यात त्या वेळी धूर बाहेर पडत असतो, तिथे फुकट जातो. म्हणून कॉइल पूर्ण गेली तर जोडीतले दोन्ही सिलिंडर झोपतात आणि गाडी जेमतेम हलते. तुमचा एकच झोपत असेल तर कॉइलपेक्षा केबल, प्लग किंवा इंजेक्टरचा संशय घ्या.

आणि प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्या विहिरीत टॉर्च मारून बघा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) गास्केट कडक झालं की तेल तिथे उतरतं. माझ्या आयडीवरून समजलं असेलच, हा माझा आवडता बिघाड आहे.

---

घाटवळण

टॅपेटकव्हर, दोन कॉइलच आहेत. रविवारी बघून सांगतो. तपासणीचे पैसे वेगळे, हे मला पटलं. आमच्या गॅरेजने तसं सांगितलं असतं तर मी दिले असते.

---

सीएनजीग्रस्त

गाडीला सीएनजी किट आहे का? विचारतोय कारण सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हाताऱ्या केबल आणि वाढलेल्या गॅपचे प्लग पेट्रोलवर चालून जातात, गॅसवर स्विच मारला की गचके. माझं कायम तेच. वर किट बसवणाऱ्याने ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला एक एम्युलेटर जोडून ठेवला होता, तो ईसीयूला सतत "सब ठीक" सांगायचा. दिवा कधीच लागला नाही, गाडी मात्र कधीच नीट चालली नाही.

---

घाटवळण

किट नाही. निव्वळ पेट्रोल.

---

वाळूशेठ

निव्वळ पेट्रोल आता मिळतं कुठे? सगळा वीस टक्के इथेनॉलचा कारभार. २००७ च्या गाडीत ते घातल्यावर आणखी काय होणार. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ तेच आहे.

---

फिरता पाना

वाळूशेठ, इथेनॉलवर ढकलणं सोपं आहे. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी होते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं, हे मान्य. जुने रबराचे पाइप आणि सील कडक होतात किंवा फुगतात, हेही मान्य, ते बघून बदलावेत. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण थोडं पातळ होतं, पण तेवढं ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून भरून काढतो. त्याने चारही सिलिंडरना सारखाच त्रास व्हायला हवा. एकच सिलिंडर झोपणं आणि तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणं हे इथेनॉल करत नाही.

---

वाळूशेठ

म्हणजे सात टक्के लुटले जातात हे तुम्हीही मान्य करताय. माझं तेवढंच म्हणणं होतं.

---

कोपऱ्यावरचा

तुमचं म्हणणं "दोन्ही तक्रारींचं मूळ" असं होतं. वर चढून वाचा.

---

संपादक मंडळ

इथेनॉलवर वेगळा धागा आहे, तिथे बोलू या.

---

स्टुटगार्टकर

अवांतर: हा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इथल्या भाषेत लाम्डा, बॉशने १९७६ साली बाजारात आणला आणि पहिल्यांदा तो व्होल्वोच्या कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या गाड्यांत लागला. साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणून सकाळी चालू केल्यावर पहिला काही वेळ ईसीयू त्याच्याकडे बघतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. त्यामुळे "सकाळी चालू केल्या केल्या मिसिंग" हे लक्षण ऑक्सिजन सेन्सरचं असूच शकत नाही. गॅरेजने एवढा विचार केला असता तरी तो पार्ट वाचला असता.

---

टॅपेटकव्हर

स्टुटगार्टकर, तर्क बरोबर. पण अठरा वर्षं जुना सेन्सर बदलला तर अगदीच वाया गेलं असंही नाही. म्हातारे सेन्सर सुस्तावतात, वरखाली व्हायला वेळ लावतात, पेट्रोल जास्त जातं. चुकीच्या कारणासाठी केलेलं बरोबर काम म्हणा.

---

मीटरवाली

सकाळच्या तक्रारीला आणखी एक तपासणी, फुकटची. स्कॅनर लागलाच तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किल्ली ऑन करून, इंजिन न चालवता, तीन आकडे बघा.

कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं आणि बाहेरच्या हवेएवढं असायला हवं. एखादा उणे ४० दाखवत असेल तर पुण्यात बर्फ पडलेला नाही, त्या सेन्सरची वायर तुटली आहे. कूलंटचा सेन्सर काढून ओममध्येही मोजता येतो. २० अंशांना अडीच हजारांच्या आगेमागे, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तापमान वाढलं की रोध कमी होतो.

तिसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्याचा. इंजिन बंद असताना त्याला बाहेरच्या हवेचाच दाब दिसतो. मुंबईत १०० किलोपास्कलच्या जवळ, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात बसून तो ७० दाखवत असेल तर ईसीयूला वाटतंय आपण हिमालयात आहोत, आणि पेट्रोल त्या हिशोबाने सुटतंय. इंजिन आयडलला आल्यावर हाच आकडा ३० ते ४० वर उतरला पाहिजे. जास्त असेल तर कुठून तरी हवा चोरून आत येत्येय किंवा एखादा सिलिंडर काम करत नाहीये.

---

अण्णा पद्मिनीवाले

महाबळेश्वरला ८६! म्हणजे पद्मिनी पसरणीच्या वर गेल्यावर काळा धूर का काढायची ते आज कळलं. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं सांगणार कोण?

---

नवखा_सभासद

पीयूसीची पावती उपयोगी पडते का? माझ्या काकांनी सांगितलं होतं.

---

फिरता पाना

काकांना नमस्कार सांगा. फार छान मुद्दा आहे आणि कोणी वापरत नाही.

पीयूसीच्या कागदावर पेट्रोल गाडीचे दोन आकडे असतात, सीओ टक्क्यांत आणि एचसी पीपीएममध्ये. लोक फक्त "पास" बघतात. सीओ वाढलेला म्हणजे मिश्रण घट्ट, पेट्रोल जास्त जातंय. सीओ कमी पण एचसी भलताच वाढलेला म्हणजे पेट्रोल पेटतच नाहीये, मिसिंग आहे. पावती खरोखर नळी आत घालून काढलेली हवी, एवढी एकच अट. गाडीचा फोटो काढून दिलेल्या पावतीवर निदान करता येत नाही.

---

उगाचच

ती अट लावलीत तर अर्धा महाराष्ट्र बाद.

---

फिरता पाना

आता घाटातलं बंद पडणं, मघाशी राहिलं होतं. माझा संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर आहे. हा इंजिनच्या अगदी अंगाला बसतो आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दातऱ्या चाकावरून सिग्नल काढतो. इंजिन फिरतंय हे ईसीयूला त्याच्याकडूनच कळतं. तो गप्प झाला की ठिणगीही बंद, इंजेक्टरही बंद. आतल्या बारीक तारेला तडा गेलेला असतो, गरम झालं की प्रसरण पावून टोकं सुटतात, थंड झालं की जुळतात. गॅरेजला पोहोचेपर्यंत सगळं ठीक.

पुढच्या वेळी बंद पडली की बाजूला घ्या, पार्किंगचे दिवे लावा आणि हे बघा:

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद 'गूं' आवाज येतो का? येत असेल तर पंप आणि रिले बहुतेक ठीक.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित तरी उचलतो का? बहुतेक गाड्यांत तो क्रँक सेन्सरच्याच सिग्नलवर चालतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर चिकटलेला, म्हणजे चोर सापडल्यात जमा.

आणि अण्णा, तुमची माफी मागून सांगतो, सेन्सरवर बाटलीतलं पाणी हळूहळू ओता. गाडी लगेच चालू झाली तर शंकाच उरली नाही.

---

अण्णा पद्मिनीवाले

म्हणजे फडकं आणि पाण्याची बाटली ठेवायचीच ना डिकीत? मी काय वेगळं सांगितलं होतं?

---

कोपऱ्यावरचा

अण्णा, एक गुण तुम्हाला. :)

---

मीटरवाली

सेन्सरला दोन वायर असतील तर तो चुंबक-कॉइलचा, ओममध्ये मोजता येतो. तीन वायर असतील तर हॉलचा (इलेक्ट्रॉनिक) असण्याची शक्यता जास्त, तो नुसत्या ओमने कळत नाही, पुरवठा देऊन सिग्नल बघावा लागतो. तीनवाल्यात ओमचा आकडा काढून "खराब" ठरवणारे मी पाहिलेत.

आणि सेन्सर मागवण्याआधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. जुन्या गाडीत इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, मग सगळ्याच सेन्सरचे आकडे थोडेथोडे खोटे येतात आणि माणूस एकामागून एक सेन्सर बदलत बसतो. त्याच वेळी बॅटरीही बघा. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

---

घाटवळण

रविवार सत्कारणी लागला.

स्कॅनर केडब्ल्यूपी निवडल्यावर जोडला गेला, मीटरवाली यांचे आभार. दोन्ही तापमानं सारखी, मॅप ९५. अर्थिंग ०.१ च्या आत, बॅटरी ठीक.

इंजेक्टरचे कप्लर काढून बघितले. तिसरा सिलिंडर झोपलेला, काढा नाहीतर लावा, इंजिनला पत्ताच नाही. तिसऱ्या प्लगच्या विहिरीत टॉर्च मारला तर तळाशी तेल. टॅपेटकव्हर, तुमचा आवडता बिघाड. केबलचं रबरी टोक तेलाने फुगून मऊ झालेलं, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. करंट प्लगच्या टोकाला जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होता. दोष इंजेक्टरचा नाही, केबल-प्लगचाच आहे हे पक्कं करायला तिसऱ्याची केबल आणि प्लग दुसऱ्याला लावले. मिसिंग दुसऱ्याला गेलं.

टॅपेट कव्हरचं गास्केट, विहिरींची सील, केबलचा सेट आणि प्लग नवे. गाडी आयडलला इतकी शांत आहे की मी चुकून पुन्हा सेल्फ मारला.

क्रँक सेन्सर दोन वायरचा निघाला. काढून थंड असताना मोजला, सहाशेच्या आसपास ओम. मग हेअर ड्रायर धरला. आकडा हळूहळू वर सरकला, सातशेच्या पुढे गेला आणि एकदम 'ओएल'. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा आकडा आला. वायर बाहेर कुठे तुटलेली नाही ना, हे हलवून बघितलं. नाही.

---

फिरता पाना

हळूहळू वाढणं बरोबर आहे, तांबं तापलं की रोध वाढतोच. एकदम ओएल म्हणजे आत तार तुटलेली. नवा टाका, पण शक्यतो मूळ दर्जाचा घ्या, याच्या नकली मालात चुंबक कमजोर असतो, सेल्फ हळू फिरला की सिग्नलच पुरत नाही. बसवताना दातऱ्या चाकापासूनचं अंतर मॅन्युअलप्रमाणे, आणि टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून.

---

टॅपेटकव्हर

उत्तम काम. केबल-प्लग एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर नेऊन बघणं हे सोपं वाटतं, पण माझ्याकडची पोरंही करत नाहीत. कोड पुसून टाका आणि थोडे दिवस चालवून पुन्हा बघा. नव्या ऑक्सिजन सेन्सरवर पुन्हा कोड आला नाही तर तो निर्दोष.

एकच सूचना. इतके दिवस न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये गेलंय. चढावर ताकद कमी वाटली, रेस दिली तरी गाडी वर जात नसेल, तर तो आतून वितळून चोक झालाय का ते बघून घ्या.

---

कोपऱ्यावरचा

मी पहिल्याच दिवशी "प्लग बदला" म्हणालो होतो, याची नोंद घ्यावी.

---

मीटरवाली

"प्लग आणि कॉइल" म्हणाला होतात. कॉइल दोन्ही चांगल्या आहेत. आणि गास्केट न बदलता नुसते प्लग टाकले असते तर पुढच्या पावसाळ्यात हाच धागा वर आला असता.

---

घाटवळण

क्रँक सेन्सर टाकला. मे महिन्यात दुपारी एसी लावून खंबाटकी चढलो, मागे ट्रक होतेच. बंद पडली नाही. दिवाही गप्प आहे. कन्व्हर्टरचं टॅपेटकव्हर यांच्याकडेच आणून दाखवीन म्हणतो, तपासणीचे वेगळे पैसे घेऊन.

---

मु. पो. कुडाळ

अभिनंदन. वाचनखूण साठवली आहे. वायरी तेवढ्या बघत राहा.

---

नवखा_सभासद

हे सगळं वाचून काढलं. माझीही जुनी छोटी गाडी घाटात दम टाकते, पण डिझेल आहे. प्लगची रेघ कुठे बघायची?

---

फिरता पाना

डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसतो, हीटर प्लग असतो आणि तो फक्त थंडीत चालू करताना लागतो. तुमचं दुखणं डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप किंवा ईजीआरमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) शोधावं लागेल. नवा धागा काढा. गाडीचं साल, किती किलोमीटर झाली, धुराचा रंग कोणता आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला हे लिहा.

---

उगाचच

आणि सासूबाईंना घाट आवडतो का, तेही.